बंद संगणक आणि त्याच्या पोटातले दप्तर

(ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक, सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल आणि शाळांतील शिक्षक व लिपिक यांच्या तालुका पातळीवरील मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आपणांपैकी बहुतेकांच्या टेबलावरचा संगणक दहा-बारा वर्षांचा आहे, काहींचा त्याहूनही जुना. नवा येईल तेव्हा येईल. परंतु दाखले आज द्यावयाचे असतात आणि विद्यार्थ्यांचे अर्ज मुदतीच्या आत भरावयाचे असतात. शिवाय या जुन्या यंत्राच्या पोटात गावाचे दप्तर साठलेले असते. ग्रंथालयाची दाखल-यादी, शाळेचे निकाल, करवसुलीची पत्रके, ठरावांची प्रारूपे असे किती तरी कागद केवळ तेथेच असतात. त्यांची दुसरी प्रत कपाटात नसते. म्हणून यंत्र बंद पडते तेव्हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. विजेच्या शास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, ते अशासाठी की जुन्या संगणकाचे बहुतांश बिघाड ओळखण्यास पदविकेची नव्हे, तर क्रमाने विचार करण्याची आवश्यकता असते. ते काम आपण रोज करीतच असतो. फाईल हरवली म्हणजे आपण सारे कार्यालय उलथेपालथे करीत नाही. आवक कोठे झाली, पुढे कोणाकडे गेली, शेवटची टिपणी कोणाची, हे पाहतो. संगणकाचेही तसेच आहे.

“संगणक बिघडला” या वाक्यातून “माणूस आजारी आहे” या वाक्याइतकाच बोध होतो, म्हणजे काहीच होत नाही. तीन प्रश्न विचारावे. कळ दाबल्यावर वीज आत पोहोचते काय? पोहोचत असेल तर पडद्यावर एखादे तरी अक्षर उमटते काय? आणि अक्षरे उमटत असतील तर विंडोज पूर्णपणे सुरू होते काय? बिघाड या तीनपैकी कोणत्या मुक्कामावर अडला आहे हे कळले, की अर्धे निदान झालेच म्हणून समजा.

पहिला मुक्काम विजेचा. येथे थोडा संयम ठेवला तर मेकॅनिकची फेरी वाचते. त्याच सॉकेटमध्ये दुसरे काही, साधा मोबाइलचा चार्जर का होईना, लावून पाहावे. डब्याच्या मागे, वायर जेथे खोचतात तेथे एक लहान बटन असते. झाडलोट करताना ते बंद झालेले अनेकदा आढळते. ज्या डब्याला आपण सर्रास सीपीयू म्हणतो त्याला वास्तविक कॅबिनेट म्हणावयास हवे. खरा सीपीयू म्हणजे आतील पंख्याखालची काड्यापेटीहूनही लहान अशी चौकोनी चकती. पण रूढ झालेला शब्द बदलण्याच्या भरीस मी पडत नाही.

यूपीएस हा स्वतंत्र दुखण्याचा विषय. त्यातील बारा व्होल्टची बॅटरी साधारणपणे दोन ते चार वर्षे टिकते. वीज जाताच यूपीएस क्षणभरही तग धरीत नसेल, तर बॅटरी संपली आहे असे समजावे आणि केवळ बॅटरी बदलावी. सबंध यूपीएस टाकून देण्याचे कारण नाही. यूपीएसला लेझर प्रिंटर कदापि जोडू नये. तापताना तो एकदम एवढा प्रवाह ओढतो की लहान यूपीएसला ते सोसत नाही.

कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात अशी तक्रार पावसाळ्यात हमखास ऐकू येते. त्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. वीज पुरविणाऱ्या आतील पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतील खरखर गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसविलेले असतात व ते पत्र्याच्या अंगाला जोडलेले असतात. तेथून निघणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग नसेल, किंवा कोणी तीन पिनांची जाड पिन काढून प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसविला असेल, तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब राहतो. त्यावर उपाय पायाखाली लाकडी पाट घेणे हा नव्हे. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे. कारण त्याच अर्थिंगवर माणसाचा जीवही अवलंबून असतो. आणि एसएमपीएसची पेटी आपण कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यात काही काळ विजेचा साठा राहतो. ती जळली असेल तर सबंध बदलावी. ती फार महाग नसते.

दुसरा मुक्काम असा की, पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु पडदा काळाच. प्रथम मॉनिटरचा स्वतःचा दिवा पाहावा. मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविलेले आहे त्याच्या मागे केबल लावण्याच्या दोन जागा असतात, आणि केबल भलत्याच जागी लावल्यामुळे “डिस्प्ले गेला” अशी नोंद झालेली पाहावयास मिळते. हे सारे ठीक असेल तर कान द्यावा. संगणक सुरू होताच एक लहानशी शीळ वाजते ती कुशल असल्याची खूण. लांब, पुन:पुन्हा वाजणारी शीळ ही पुष्कळ मदरबोर्डांमध्ये रॅमची तक्रार असते. शिळांचा अर्थ प्रत्येक कंपनीगणिक निराळा असतो हे खरे; परंतु शंका आली की आधी रॅम तपासावी.

रॅम म्हणजे बोटभर उंचीची हिरवी पट्टी. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. आपल्या हवेत, विशेषतः कोकणपट्टीत जून ते सप्टेंबरच्या दमट दिवसांत, या दातांवर पुटे चढतात आणि संपर्क तुटतो. उपाय साधा आहे. वायर काढावी. त्यानंतर सुरू करण्याचे बटन दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, कारण अंगावरील स्थिर विजेने रॅम बिघडू शकते. मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढावी, सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावे, कण झटकून टाकावे आणि पट्टी पुन्हा बसवावी. दोन्ही खिट्ट्या “टक” असा आवाज करून बसल्या पाहिजेत. पट्टीतील खाच आणि खाचणीतील उंचवटा जुळत नसेल तर जोर लावू नये. डीडीआर २, डीडीआर ३ व डीडीआर ४ या प्रकारांच्या पट्ट्यांतील खाचा मुद्दामच निरनिराळ्या जागी ठेवलेल्या असतात, एकाच्या जागी दुसरी बसू नये म्हणून. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. सदोष कोणती ते आपोआप कळते.

एका गावच्या ग्रंथालयात घडलेली हकिकत सांगतो. तेथील संगणक येता-जाता पाहणाऱ्या एका कारागिराने निकामी ठरविला होता. नव्या यंत्राचा अंदाजही त्याने लिहून दिला होता, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव टंकलिखित होऊन सहीसाठी तयार होता. काही हजार पुस्तकांची दाखल-यादी मात्र त्याच यंत्रात होती. ग्रंथपाल बाईंनी दूरध्वनीवरून विचारीत विचारीत रॅम काढली, पुसली आणि बसविली. पडद्यावर अक्षरे उमटली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, आधी यादीची प्रत काढते, मग चहा घेते.” कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा कामाचा क्रम त्यांनी अधिक अचूक सांगितला, असे मला वाटते.

आता एका लहान वस्तूविषयी जरा विस्ताराने बोलतो, कारण तिच्यामुळे होणारी दिशाभूल सर्वांत मोठी आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. सीआर २०३२ हे तिचे नाव. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब तीन व्होल्ट. संगणक बंद असताना आतील घड्याळ चालू ठेवणे व प्राथमिक नोंदी जपणे हे तिचे काम. काही वर्षांनी ती उतरते. मग वीज गेली की संगणक तारीख विसरतो आणि २००० साली, किंवा मदरबोर्ड तयार झाला त्या सालात, जाऊन बसतो.

याचे परिणाम पाहा. आपण इंटरनेटवर शासनाचे एखादे संकेतस्थळ उघडू पाहतो, तर “हे संकेतस्थळ सुरक्षित नाही” अशी तांबडी सूचना येते. आपण म्हणतो, सर्व्हर डाउन आहे. इंटरनेट पुरविणाऱ्याकडे तक्रार जाते, तो राउटर बदलून देतो, तरी तेच. वस्तुस्थिती अशी की प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळापाशी आपल्या ओळखीचे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध” असे लिहिलेले असते. आपला संगणक ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २००० साल दाखवीत असेल, तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अद्याप अस्तित्वातच यावयाचे असते. मग तो बिचारा नकार देणार नाही तर काय करणार? म्हणून इंटरनेट सुरू असूनही संकेतस्थळे उघडेनात, तर सर्वप्रथम पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख व साल पाहावे. तारीख दुरुस्त करून काम पुढे न्यावे आणि बाजारातून ही बॅटरी आणावी. शंभर रुपयांच्या आत ती मिळते, घड्याळजीकडेही मिळते. बसविताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. मात्र काढलेली बॅटरी टेबलावर टाकू नये. लहान मुलाने ती गिळली तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

तारीख बरोबर असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर दोष यंत्राचा नसून ब्राउझरच्या वयाचा असतो. जगातील असंख्य संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ज्या एका मूळ प्रमाणपत्राच्या आधारे ओळखली जात, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि त्या दिवशी अनेक जुनी यंत्रे एकाएकी संकेतस्थळांना ओळखेनाशी झाली. क्रोमने विंडोज ७ साठी नव्या आवृत्त्या काढणे २०२३ च्या प्रारंभी थांबविले. असे प्रसंग यापुढेही येतील.

तापणे हे जुन्या यंत्राचे आणखी एक दुखणे. संगणक अर्धा तास नीट चालतो आणि मग अचानक बंद पडतो. थोडा वेळ थांबून सुरू केला की पुन्हा चालतो. हे बहुधा उष्णतेचे लक्षण होय. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान गेले की सीपीयू स्वतःच्या रक्षणासाठी काम थांबवितो. कॅबिनेट उघडले की पंख्याच्या खाली धुळीची गादी आढळते; क्वचित पालीचा सांगाडा किंवा उंदराचे घरटेही. कोरड्या ब्रशने धूळ झाडावी, ब्लोअर वापरीत असाल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. सीपीयू व त्यावरील धातूचा ठोकळा यांच्यामध्ये लावलेला लेप वाळला असेल तर तो जाणत्याकडून नवा लावून घ्यावा. मदरबोर्डवरील लहान नळकांड्यांची, म्हणजे कपॅसिटरची, डोकी फुगलेली किंवा चिघळलेली दिसली तर मात्र आपले काम संपले. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सदोष कपॅसिटर जगभर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले होते, आणि त्या काळच्या यंत्रांत हा दोष आजही आढळतो.

तिसरा मुक्काम विंडोजचा आणि हार्ड डिस्कचा. येथे माझी एकच कळकळीची विनंती आहे, आणि ती मी पुन्हा सांगितली तरी कंटाळू नये. हार्ड डिस्क संशयास्पद वाटू लागली, की दुरुस्ती नंतर, प्रत आधी.

जुनी हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीत मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी चकती. तिच्यावर वाचणारा काटा चकतीला न टेकता, डोळ्यांना दिसणार नाही इतक्या अंतरावरून फिरत असतो. संगणक चालू असताना कॅबिनेटला धक्का बसला किंवा वीज वारंवार गेली की हा तोल बिघडतो. फाइल उघडण्यास विलक्षण वेळ लागणे, एखादीच फाइल न उघडणे, संगणक अधूनमधून गोठणे ही पहिली लक्षणे. आतून “टक् टक्” असा ठराविक आवाज येऊ लागला तर अखेर जवळ आली असे समजावे. अशा वेळी पुष्कळ कारागीर दोन गोष्टी करतात. एक तर फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकतात, किंवा विंडोजमधील डिस्क तपासण्याची दीर्घ प्रक्रिया लावून निघून जातात. निरोगी डिस्कला ती प्रक्रिया उपकारक असते. मरणासन्न डिस्कला तीच अखेरचा घाव ठरते, कारण रात्रभर संपूर्ण चकती पालथी घातली जाते. हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक सल्लाही कर्णोपकर्णी फिरत असतो. आत दव धरण्यापलीकडे त्यातून फारसे निष्पन्न होत नाही. तो ऐकू नये.

मग काय करावे? विंडोज सुरू होत असेल तर प्रथम ज्या फाइली इतरत्र कोठेही नाहीत त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्या. गाणी, चित्रे, प्रशिक्षणाचे व्हिडिओ मागाहून. विंडोज सुरूच होत नसेल तर डिस्क खराब झाली असेलच असे नाही. पुष्कळदा केवळ विंडोजच्या फाइली बिघडलेल्या असतात आणि आपले दप्तर सुखरूप असते. विंडोज ७ पर्यंतच्या यंत्रांत सुरू होताना एफ ८ ही कळ दाबली की सेफ मोडचा पर्याय मिळतो. तेथून प्रत काढता येते. तेही जमले नाही तर पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स ही प्रणाली वापरावी. ती संगणकावर काहीही न बसविता सुरू होते आणि आतील फाइली दाखविते. किंवा डिस्क काढून, पाच-सातशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी. आणि चुकून फॉरमॅट झालेच असेल, तर त्या डिस्कवर नवे काहीही न लिहिता संगणक बंद करावा. फॉरमॅट घाईचा असेल तर केवळ अनुक्रमणिका फाटलेली असते. पाने बरीचशी जागेवर असतात. नवे लिखाण झाले की ती पानेही जातात.

डिस्क चांगली आहे पण संगणक मंद चालतो, या तक्रारीवर एकाच वाक्यात सांगतो. सुरू होतानाच चालू होणाऱ्या अनावश्यक आज्ञावल्या बंद कराव्या, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा आणि शक्य असेल तर जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. दहा वर्षांच्या यंत्राला याइतका गुण दुसऱ्या कशानेही येत नाही.

पेनड्राइव्हमधील फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागले, हा अनुभव येथे बसलेल्या प्रत्येकाला असेल. तो विषाणूचा खेळ आहे. मूळ फोल्डर गेलेले नसतात, लपविलेले असतात. शॉर्टकटवर टिचकी मारू नये. तिने विषाणू या संगणकातही शिरतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या व प्रणालीच्या फाइली दाखविण्याचा पर्याय निवडला की सारे पुन्हा दिसू लागते. ते अन्यत्र उतरवून घेऊन पेनड्राइव्ह साफ करावा.

आता खास आपल्या भाषेच्या दुखण्याकडे वळतो. जुनी मराठी फाइल नव्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते, आणि फाइल खराब झाली असे समजून ती पुसली जाते. थांबा! ती फाइल बहुधा पूर्णपणे शाबूत असते. इस्की हे भारतीय मानक १९९१ साली निश्चित झाले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यात देवनागरीला स्वतंत्र स्थान होते. परंतु आपल्या कार्यालयांत आणि छापखान्यांत पुढे कित्येक वर्षे निराळीच पद्धत चालली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले फॉन्ट वापरले गेले. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव ही नावे आपणांस ठाऊक आहेत. संगणकाच्या लेखी ती अक्षरे इंग्रजीच. फॉन्टचा मुखवटा चढविला म्हणजे ती मराठी दिसावयाची. शिवाय प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. मुखवटा नसला की खिचडी उरते.

यासाठी जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्याच्या विंडोजच्या फोल्डरातील फॉन्ट्स हे फोल्डर अवश्य उतरवून ठेवावे आणि फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची नोंद करावी. मग तो मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो. परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरे आणि आकडे डोळ्यांखालून घालावे. घोळ होतो तो तेथेच, आणि आकड्यांचा घोळ करवसुलीच्या पत्रकात परवडणारा नाही. याउलट, युनिकोडमधील मजकूर जुन्या विंडोज एक्सपीवर उघडल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते व जोडाक्षरे सुटी पडतात. तेथे कंट्रोल पॅनेलमधील भाषाविषयक विभागात गुंतागुंतीच्या लिपींचा पर्याय मुद्दाम निवडावा लागत असे. विंडोज ७ मध्ये ही सोय आधीपासूनच असते.

जुनी प्रणाली कोठवर वापरावी, असा प्रश्न येतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप व तुलनेने नवा सीपीयू लागत असल्यामुळे चालती यंत्रेही बाद ठरतात, हे मला व्यक्तिशः खटकते. पण नागरिकांची माहिती व बँकेचे व्यवहार यांचे काम आधार संपलेल्या प्रणालीवर करू नये, हेही तितकेच खरे. अशा यंत्रावर लिनक्स बसवून त्याचे आयुष्य वाढविता येते. आपल्या सी-डॅकनेही २००७ पासून बॉस नावाने अशी प्रणाली उपलब्ध करून दिली आहे. ज्या कामाला विंडोजच लागते त्यासाठी मात्र जुने यंत्र इंटरनेटपासून वेगळे ठेवून केवळ जुन्या फाइली वाचण्यापुरते वापरावे.

आणि यंत्र खरोखरच निकामी झाले, जडसंग्रह नोंदवहीतून कमी करण्याची मंजुरीही आली, तर ते भंगारवाल्याला देऊ नये. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते. देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी व तिच्यातील माहिती पूर्णपणे नष्ट करून मगच ती सोपवावी. गावकऱ्यांच्या आधार क्रमांकांची यादी शहरातल्या बाजारात रस्त्यावर विकली जाणे कोणालाच परवडणार नाही.

बाहेरच्या ओसरीवर तीन जुने कॅबिनेट मांडून ठेवले आहेत. एकाची बॅटरी उतरलेली आहे, एकाची रॅम सैल केलेली आहे आणि तिसऱ्याची केबल भलत्या जागी लावली आहे. कोणते कोणते ते सांगत नाही. खोडरबर टेबलावर आहे. वायर काढल्याशिवाय कोणीही झाकण उघडू नये. चहा नंतर आहे.